वाढत्या अंगाचा पट्टा

भिंगरीचे दुसरे आजोबा, माझे व्याहीबुवा, यांस तिच्या पहिल्या आजोबांचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

(पहिले आजोबा कोण आणि दुसरे कोण, हा आपला वाद ती जन्मल्यापासून चालू आहे. पण पत्र मी लिहितोय, तेव्हा पहिला मी.) तुमची कंबर कशी आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? नसेल तर त्यांना म्हणावं, गार पाणी बंद करा आणि तुमच्याशी वाद घालणंही बंद करा, घशाला आराम पडेल. आम्ही सगळे खुशाल. मी तर इतका खुशाल आहे की पेन हातात थुईथुई नाचतंय. तुम्ही म्हणाल, दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस, उठून यायचं सोडून पत्र काय लिहितो! त्यालाही कारण आहे, पण ते सावकाश सांगतो. सध्या मला भरपूर सवड आहे आणि जागचं हलायची घाई नाही, एवढंच समजा.

तर आजचा दिवस मोठा आहे! तुमची सून, म्हणजे माझी लेक, उद्यापासून पुन्हा कामावर जाणार. दुपारी भिंगरीला पाळणाघरातून गाडीने घरी आणायचं कोणी, तुम्ही की मी, याचा निकाल आज चहाच्या वेळेला लागणार. लेक भिंगरीला घेऊन येईल, माझी परीक्षा घेईल, आणि मी पास झालो तर नात माझ्या गाडीत बसेल. नापास झालो, तर तुमच्या. तुमचा अधिकार मी जाणतो. तुम्ही जन्मभर शहराची बस चालवलीत आणि तुमच्या हातून कुत्र्याच्या शेपटीलाही धक्का लागला नाही, हे तुम्ही मला प्रत्येक भेटीत सांगितलं आहे. मी पडलो शिंपी, त्यातही लहान मुलांच्या कपड्यांचा. साठी उलटल्यावर गाडी शिकलो. आमची ही माझ्याबरोबरच शिकली. परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि मी तिसऱ्या. (तिचा परीक्षक प्रेमळ होता. माझ्या वाट्याला दोनदा खडूस आला.)

पण व्याहीबुवा, मूल गाडीत कसं बसवायचं, या विषयात आज माझा कोणी हात धरून दाखवावा! हे ज्ञान मी सुखासुखी मिळवलेलं नाही. त्या बाजारातल्या प्रकरणाची तिखटमीठ लावलेली आवृत्ती तुमच्या कानावर आलीच असेल. खरी आवृत्ती ऐका.

लेकीने भिंगरीची बेबी सीट आमच्या गाडीत बसवून दिली, तेव्हापासून मी सराव करत होतो. सरावाला मूल कुठून आणणार? दुकानातला ठोंब्या घेतला. ठोंब्या म्हणजे आमचा लाकडी पुतळा, दोनेक वर्षांच्या पोराएवढा, गाल गुलाबी, डोळे टक्क उघडे. वीस वर्षं काचेआड उभा राहून त्याने माझी झबलीटोपडी विकली. त्याला स्वेटर-टोपी घालून मी सीटमध्ये बसवला. दोन गोष्टी मात्र मला पहिल्यापासून खटकत होत्या. एक तर ही सीट पाठमोरी. पोर मागच्या काचेकडे तोंड करून बसणार आणि गाडी चालवणाऱ्या आजोबाला दिसणार फक्त सीटची पाठ! नातीला आणायला जायचं आणि तिचं तोंडच बघायचं नाही, हा कुठला न्याय? लेक म्हणाली, जोरात ब्रेक लागला तर लहान मुलाची मान अशीच सांभाळली जाते. मानेचा प्रश्न आल्यावर मी मान डोलावली. दुसरी गोष्ट म्हणजे ते खांद्यावरचे पट्टे. लेक ते इतके आवळून दाखवायची की मला बघवायचं नाही. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं लहान मुलांचे कपडे शिवलेला माणूस घट्ट माप घेईल का? समोर आई उभी राहते आणि म्हणते, वाढत्या अंगाचं शिवा. बाही चार बोटं लांब, कंबर सैल, खाली दुमड. हे माझ्या हातातच भिनलंय. लेकीची पाठ वळली की मी पट्टे सैल करायचो. वाढत्या अंगाचे! वर खांद्यांना रुतू नये म्हणून आतून झालरीची मऊ गादी शिवून घातली. आणि गाडीच्या सीटांची कव्हरं शिवून उरलेल्या तपकिरी चौकटीच्या कापडाचं स्वतःला एक जाकीट बेतलं. (कापड वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. हे जाकीट लक्षात ठेवा.)

तर त्या दिवशी ठोंब्याला मागे बसवून मी इलॅस्टिक आणायला बाजारात गेलो. फळवालीच्या हातगाडीजवळ गाडी लावली, उतरताना किल्ली पुढच्या सीटवर ठेवली, कारण हातात पिशवी होती, आणि दार ढकललं. गाडीने आतल्या आत ठक्क केलं. सगळी दारं बंद, किल्ली आत, ठोंब्या आत, आणि मी बाहेर खिसे चाचपत. इथपर्यंत फार काही बिघडलेलं नव्हतं. पण फळवालीने काचेतून डोकावून पाहिलं आणि किंकाळी फोडली की पोर हलत नाहीये! मी तिला धीर द्यायला म्हणालो, घाबरू नका बाई, तो कधीच हलत नाही. झालं! माणसं गोळा झाली. कोणी विचारलं, किती वेळ आत आहे? मी खरं बोलणारा माणूस, म्हणालो, सकाळपासून. काही खाल्लंय का त्याने? म्हटलं, तो खात नाही. एका आजीबाईंनी मला छत्री हाणली. मी घसा फोडून सांगत होतो की तो लाकडाचा आहे, पण माझं ऐकतो कोण?

तेवढ्यात समोरच्या दवाखान्यातली नर्स धावत आली. तिने एक शब्द विचारला नाही. सगळ्यांना मागे सारलं, फळवालीच्या तराजूतलं वजन उचललं, मुलापासून लांबची काच हेरली आणि फोडली! हात घालून दार उघडलं, आत शिरली, आणि ठोंब्याला काखेत धरून उचललं तो सरळ वर आला. बकल न उघडता! पट्टे लावलेले, बकल बंद, झालर जागच्या जागी, आणि पोर बाहेर. नंतर त्याचा एक हात निखळून तिच्या हातात राहिला, फळवाली मटकन खाली बसली, छत्रीवाल्या आजीबाई हसायला लागल्या, ते सगळं तुम्ही ऐकलं असेलच. पण व्याहीबुवा, मी काही हसलो नाही. नर्स मला म्हणाली, "काका, पोरगं खरं असतं तरी तुम्ही असेच खिसे चाचपत उभे राहिला असतात का? उन्हात बंद गाडी बघता बघता भट्टी होते. आधी मदतीला ओरडायचं, फोन करायचा, काच फोडायची. काच पुन्हा बसवता येते." मग तिने तो सैल पट्टा माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "आणि हे काय आहे?" वाढत्या अंगाचं आहे, हे सांगायला माझी जीभ रेटेना. माझ्या डोळ्यांसमोर त्या पट्ट्यातून वर उचलला जाणारा ठोंब्या नव्हता, भिंगरी होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लेकीला कळल्यावर तिने आरडाओरडा केला नाही, ते जास्त लागलं. तिने शांतपणे आमच्या गाडीची दुसरी किल्ली घेतली आणि तुमच्याकडे ठेवायला दिली. माझ्या गाडीची किल्ली, तुमच्या खुंटीला! (तुम्ही ती घेताना हसलात, हे मला विहीणबाईंनी सांगितलं.)

पण माणूस पडतो तो उठण्यासाठीच! मी नव्याने शिकलो. आता झालर गेली, गादी गेली. सीटबरोबर जे आलं नाही ते सीटमध्ये घालायचं नाही. जाड स्वेटरही काढायचा, आधी पट्टे आणि थंडी वाजली तर वरून शाल. पट्टा आवळायचा आणि खांद्यापाशी चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर सैल, निसटला तर बरोबर. शिंप्याच्या चिमटीतून कापड निसटणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं! किल्ली खिशात, नाहीतर हिच्या कनवटीला, गाडीच्या आत कधीच नाही. गाडी उभी केली की कुलूप लावायचंच, नाहीतर गल्लीतली पोरं खेळायला आत शिरतात. आणि मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक मी स्वतः लावलं आहे. दाराच्या कडेला बारीक खटका असतो, तो फिरवला की दार आतून काही केल्या उघडत नाही. भिंगरीने कितीही खटपट केली तरी नाही. मोठ्या माणसाने केली तरी नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो.

तेव्हा विनंती एवढीच की, आता माझी दुसरी किल्ली मानाने परत पाठवावी. विहीणबाईंना नमस्कार. आपला लोभ आहेच, तो किल्लीच्या रूपाने दिसावा.

तुमचा,
पहिला आजोबा

ता. क. किल्ली पाठवू नका. स्वतः घेऊन या. लगेच या.

झालं असं की, शेवटची चिमटी घ्यायला मी मागच्या सीटवर चढलो होतो. गुडघा सीटला टेकवून, पाठ वर करून, ठोंब्याचे पट्टे आवळत होतो. तेवढ्यात ही बाहेर आली. तिचा जुना चष्मा फुटलेला, नवा आणायलाच निघाली होती. कुलूप लावण्याआधी आत बघायचं, हे आमचं ठरलेलं, त्याप्रमाणे तिने आत नजर टाकली. तिला ठोंब्या दिसला. मी दिसलो नाही, कारण मी ते जाकीट घातलं होतं आणि सीटच्या कव्हरमध्ये बेमालूम मिसळून गेलो होतो. (शिवणीची तारीफ म्हणूनच हे सांगतोय.) तिने किल्लीचं बटण दाबलं, ठक्क झालं, आणि मी वळेपर्यंत ती कोपऱ्यावर. पुढच्या सीटवर जाऊन दार उघडावं म्हटलं, तर माझं पोट दोन सीटांच्या मधे अडकतं आणि हात पडून हॉर्न वाजतो. फोन शिवणयंत्रावर चार्जिंगला, खिशात फक्त मापांची वही आणि पेन. काळजी नको, गाडी झाडाच्या गार सावलीत आहे आणि दोन्ही काचा चार बोटं खाली आहेत. तेवढ्या फटीतून हे पत्र इस्त्रीवाल्याच्या हाती देणार आहे. त्याला मी सांगणार की वाऱ्याला बसलोय. तुम्हीही त्याला तेच सांगा. लेक यायच्या आत या. ठोंब्याशेजारी कोंडलेला बाप तिने पाहिला तर माझी नात गेली हो तुमच्या गाडीत!

ता. क. दुसरा. इस्त्रीवाला आला नाही. लेक आली. चष्म्याच्या दुकानातून आईलाही बरोबर घेऊन आली, कडेवर भिंगरी. तिघी काचेबाहेर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. हिला नव्या चष्म्यातून पहिली गोष्ट दिसली ती मी. भिंगरीने काचेवर हात आपटून टाळ्या पिटल्या. लेक मात्र हसली नाही. दार उघडून तिने आधी ठोंब्याचा पट्टा चिमटीत धरून पाहिला. निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मग ठोंब्याला बाहेर काढून तिने भिंगरीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता हिला बसवा, बाबा." मी बसवलं. बकल वाजलं, पट्टे आवळले, आणि चिमटीत काही आलं नाही. आणि मग लेकीने निकाल दिला. उद्यापासून गाडी आई चालवणार!

व्याहीबुवा, आपल्या दोघांचाही पत्ता कटला! आपण दोन बोके भांडत बसलो आणि लोणी तिसरीनेच नेलं. मी तोंड पाडून मागेच बसून राहिलो. लेक म्हणाली, "तोंड काय पाडता? तुम्ही आहात तिथेच बसायचं. आई पुढे बघेल, तुम्ही तिच्याकडे बघा." मग ही गाडी घेऊन निघाली, गल्लीतून एक चक्कर मारायला. आणि काय सांगू तुम्हाला! पाठमोऱ्या सीटमुळे भिंगरीचं तोंड सगळ्या गाडीत फक्त मलाच दिसत होतं. तिने माझं जाकीट मुठीत धरलं आणि घरी येईपर्यंत सोडलं नाही. वळणावळणाला हसत होती. मी इतका खूश आहे की हे आता जेवणाच्या टेबलावर लिहितोय तरी पेन पुन्हा नाचतंय.

ता. क. तिसरा आणि खरा. किल्ली तुमच्याच खुंटीला राहू द्या, तीच जागा योग्य. उद्या दुपारी मात्र या. सीटच्या दुसऱ्या बाजूला एका आजोबाची जागा रिकामी आहे, आणि तिथूनही तिचं तोंड दिसतं, मी बसून पाहिलं. तुमच्यासाठी त्याच कापडाचं जाकीट बेतायला घेतलं आहे, तुमच्या मापाचं, सैल अजिबात नाही. फक्त येताना फोन घेऊन या. दार आतून उघडत नाही आणि हिचा चष्मा अजून नवा आहे.