ठकीच्या मापाची खुर्ची

३ मार्च

चि. सौ. ताईस,
अ. आशीर्वाद.

पार्सल पाठवलंय. उघडताना जावईबापूंच्या हाती कात्री देऊ नकोस, मागे त्यांनी दोरीबरोबर उशीही कापली होती. आत ठकीसाठी खुर्ची आहे. माझ्या आरामखुर्चीचीच धाकटी बहीण! तसंच वाकवलेलं प्लायवूड, तसंच काळं चामडं, पाय टेकायला तसंच छोटं स्टूल. रेषेत केसभर फरक नाही.

खरं सांगू? यात लाड कमी, स्वार्थ जास्त. गेल्या सुट्टीत तुझ्या लेकीने माझी खुर्ची बळकावली आणि जन्मभर लोकांच्या पाठीची काळजी वाहिलेला मी खुर्चीवाला महिनाभर स्टुलावर बसलो. कंबर अजून धरते. यंदा ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या.

लोभ आहेच, तो चामड्यासारखा मुरत जावो.
बाबा

१२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

कात्री मीच चालवली. खुर्ची इतकी देखणी की शेजारीण दोनदा येऊन हात फिरवून गेली. हे तर म्हणाले, काचेच्या कपाटात ठेवू.

पण बाबा, रागावू नका हं. ठकी तीत मावत नाही. बसली की गुडघे हनुवटीला लागतात. माणूस बसलेला असतानाच माप घ्यावं, असं तुम्हीच सगळ्यांना बजावायचात ना? मग हे असं कसं झालं? सध्या तीत मांजर झोपतं, अगदी साहेबासारखं.

कंबरेला शेक घ्या, आणि आमच्यावर माया असू द्या.
ताई

१९ मार्च

चि. सौ. ताईस,
अ. आशीर्वाद.

तुझी लेक जागेपणी एका जागी ठरते का? पायाला भिंगरी नुसती! म्हणून ती माझ्या खुर्चीत झोपली असताना टेप लावली. अंगाची जुडी करून झोपलेल्या पोरीचं माप ते, मांजराचंच निघणार. कारखान्यात कुणाला सांगू नकोस, माझी अब्रू जाईल.

खुर्ची परत पाठव. दुसरी करतो. माझी जागा मला मिळालीच पाहिजे.

राग मानू नये, प्रेम करावं.
बाबा

२७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

नवी खुर्ची येणार म्हटल्यावर ठकीने भोकाड पसरलं. म्हणाली, तीत आजोबा कुठे बसणार?

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्टुलाच्या थापा मला नका मारू! रोज दुपारी तुम्ही दोघं एकाच खुर्चीत घोरत होतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती जुडी करून झोपते, कारण उरलेल्या खुर्चीत तुम्ही असता. कंबर धरली ती त्या अवघडण्याने. बाबा, एवढं आवडतं तर सरळ सांगावं की!

रागवायचं तर इथे येऊन रागवा.
ताई

४ एप्रिल

चि. सौ. ताईस,
अ. आशीर्वाद.

पकडलंस. महिनाभर तिच्या डोक्याखाली हात मुंग्या येईस्तोवर ठेवला, पण काढवला नाही. ती गेल्यावर अख्खी खुर्ची मिळाली, आणि डोळ्याला डोळा लागेना.

धाकटी खुर्ची मांजरालाच राहू दे. काल मी माझीच करवतीखाली घातली. खुर्चीचा उजवा हात काढला, जोड देऊन बैठक वीतभर रुंद केली. हिच्या रेषेला हात लावू देणार नाही, असं जन्मभर गिऱ्हाइकांना ठणकावत आलो. आता ती अगदी फेंगडी दिसते.

बसून पाहिलं. उजवीकडे फार मोकळं लागतं गं. सुट्टी कधी लागते, ते लगेच कळव.

वाट बघणारा,
बाबा