पक्कं छत

३ एप्रिल
माहूरजवळची तांब्याची जुनी खाण. निजामाच्या काळातली, पोलिस ॲक्शननंतर बंद. ग्रॅनाइटात क्वार्ट्झची शीर, तीन फूट जाड, हिरवे डाग. बोगद्याच्या टोकाला पाणी. वाडीला दुसरं पाणी नाही; बायकांनी आत जावं का, हे मला तपासून कळवायचंय. पहिले चाळीस फूट छत हातोडीने ठोकलं, ठणठणीत वाजलं. पुढे बॅटरी मंदावली, ठोकायचं राहिलं. कासीमचाचा तरुणपणी इथंच लाकडी टेकू लावायचे. म्हणाले, "बेटा, आगे की छत पक गयी." वहीत नोंद: पुढे छत पक्कं, जुन्या कामगाराचा दुजोरा.

७ एप्रिल
अहवाल दिला. अहवाल तपासणारे साहेब नव्या जिल्ह्यात, लातूरला बदलून गेलेत. माझ्या एकटीच्या सहीवर मंजूर.

१४ एप्रिल
बायका रोज आत जातात, हे कळल्यावर चाचा भडकले. "मैं बोला था ना, पक गयी! आम पकता ना, वैसा. अब गिरतीच!"
पक गयी. पक्की नव्हे.
पण ठोकायचं माझं काम होतं.

१५ एप्रिल
आत गेले. पन्नास फुटांवर हातोडी ढप्प, पोकळ वाजली. साठवर तेच. दुष्काळाने पाणी उतरलं, शिरेलगतची चिकणमाती वाळून भेगाळली. दगड नुसता अडकून आहे.

१६ एप्रिल
खाणीच्या तोंडाशी आडवा दोर बांधला. वाडीतली गयाबाई हंड्यासकट वाकून आत.
"ताई, तुमीच लिवलं ना पक्कं म्हून? आता कामून अडवून राहिल्या?"
माझं चुकलं, म्हटलं. हसली.
"छत पडंल तवा पडंल. घसा आजच वाळून राहिला."
नांदेडच्या कार्यालयाला तार: अहवाल रद्द, टँकर पाठवा. उत्तर नाही.

१७ एप्रिल
टँकर उद्या, असा निरोप. आजचा दिवस कसा काढायचा? दोर कुणी मानत नाही. शेवटी ठरलं: एका वेळी एकच बाई, हंडा भिंतीला लावायचा नाही, आत बोलायचं नाही. मी तोंडाशी घड्याळ घेऊन. चाचा बाहेर वाकसाने टेकू तासताहेत.
जाऊन यायला चार मिनिटं लागतात. गयाबाईला सात झाली. मघाशी आत काहीतरी घरंगळलं. खडे, की हंडा?
हाक मारावी तर आवाजाचीच भीती.
चाचांनी वाकस थांबवला. मान कलती करून ऐकताहेत. माझ्याकडे बघत नाहीत.
नऊ.
बॅटरी घेतली. वही इथं दगडावर ठेवते