डावीकडे झुकलेल्या रेघा

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतं. तुझी ताई जाऊन उद्या चार महिने होतील.

छापण्याआधी बघायला म्हणून तू पाठवलेली तुझ्या पुस्तकाची प्रत मिळाली. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून एकटं तुझं नाव आहे. आतलं अस्वल मात्र आमच्या घरातलं आहे. कोपराला ठिगळ लावलेला माझा स्वेटर त्याच्या अंगात आहे. चष्मा हरवला की मी उशी उचलून बघतो, तसंच तेही बघतं. तू आमच्याकडे यायचीस ती रविवारपुरती. इतकं सगळं कोण टिपणार? ताईच.

रविवारी तिच्या खोलीचं दार लावलेलं असायचं. मी चहा घेऊन आलो की तू म्हणायचीस, "भावोजी, जाताना दार ओढून घ्या, अस्वल पळेल." ताई म्हणायची, "त्यांना नको काही दाखवूस. रेघा मोजत बसतील." तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला असलं बोलणं लागत नाही.

पण ती गेल्यावर तिच्या टेबलाचा चित्रांचा खण रिकामा निघाला. खोली आवरायला तू एकटीच आत होतीस.

मी आरोप करत नाही. चित्रं कुणाची, एवढं कळव.

तुझ्या ताईचा नवरा


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. का, ते मला ठाऊक आहे. मागचं पत्र टाकलं त्याच्या आदल्याच दिवशी मी प्रकाशकांना लिहून छपाई थांबवली होती. ते तुला लिहिलं नव्हतं.

काल त्यांचा माणूस मूळ चित्रं घेऊन आला. "ओळखा आणि सही करा," म्हणाला. ताई डावरी. सावली भरताना तिच्या पेन्सिलीच्या रेघा डावीकडे झुकतात. तुझ्या प्रतीत सावलीच्या रेघा रंगाखाली बुजल्या होत्या, मूळ कागदावर स्पष्ट दिसल्या. उजवीकडे झुकलेल्या. तुझ्याच.

तरी माझं मन भरेना. कपाटातून ताईच्या शेवटच्या तीन पुस्तकांची मूळ चित्रं काढली. नाव तिचं, आणि रेघा त्यांतही उजवीकडे.

तीन पुस्तकं, तीन वर्षं. तेव्हापासूनच ती कप दोन्ही हातांनी धरायला लागली होती. मी समजलो, थंडी वाजत असेल. उन्हाळ्यातही मी तेच समजलो.

तिने सांगितलं नाही की मी विचारलं नाही, हे आता कुणाला विचारू?

शेवटच्या पानावर दाराशी अस्वलाच्या चपला आहेत. फक्त त्यांच्या रेघा डावीकडे झुकल्या आहेत आणि थरथरल्या आहेत. तो माणूस म्हणाला, "एवढ्या नीट करून घेऊ." मी नको म्हटलं. तूही हात लावू नकोस. छपाई सुरू करा असं लिहून दिलं आहे. नाव तुझंच राहील.

खणातले तिचे कागद तुझ्याकडे असतील. रविवारी घेऊन ये. मी रेघा मोजणार नाही.

तुझा, अजून म्हणत असशील तर,
भावोजी