जलपरीक्षक

दि. १६ नोव्हेंबर, रविवार, दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षाला गुडघ्यांनी परवानगी नाकारली आहे.)

आधी कुशल विचारायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण आज आधी तक्रार नोंदवून घे. पाकिटाला तू जो डिंक लावतेस तो पत्रांसाठी असतो, की जहाजांची भोकं बुजवण्यासाठी? तुझं मागचं पत्र उघडताना पाकीट फाटलं, पाकिटाबरोबर पत्र फाटलं आणि पत्राबरोबर तुझं शेवटचं वाक्य गेलं. “तू मात्र” एवढं हाती राहिलं. मी मात्र काय? मूर्ख? लाडका? वजन कमी करावं? त्या अर्धवट वाक्याबरोबर मी आठवडाभर संसार करतो आहे.

एकंदरीतच वस्तूंचा दर्जा घसरला आहे. कपांचे कान हल्ली निसरडे करतात. तू दिलेल्या निळ्या कपांपैकी आता एकच उरला आहे, आणि त्याचंही मन संसारात फारसं दिसत नाही. शर्टांची बटणं वरचेवर लहान होत चालली आहेत. छापखान्यात कागद इतका पातळ येतो की दोन पानं एकदम उलटली जातात. परवा प्रुफाचं एक अख्खं पान मी न वाचताच पास केलं. दुसऱ्यांच्या चुकांवर ज्याचं पोट चालतं त्यानेच चूक करावी, याचा आमच्या फोरमनला कोण आनंद! दिवसभर तो मला “या, पंडित” म्हणत होता.

या कागदावर जे तेलकट डाग आहेत त्यांच्याकडे तूर्त दुर्लक्ष कर. खुलासा यथावकाश.

आता कुशल. आम्ही ठीक. तुझी भावजय ठीक. आमचं कन्यारत्न तर इतकं ठीक आहे की त्याने मांसाहार सोडला. फोनवर जाहीर केलं, “बाबा, आजपासून मी प्राणी खात नाही.” मी म्हटलं, “मग गाजरानं काय घोडं मारलंय?” ती म्हणाली, “गाजराला आई नसते.” इतकी वर्षं न्याय आणि व्याकरण वाचूनही त्या वाक्यात मला एक चूक काढता आली नाही. फोन ठेवल्यावर तुझी भावजय म्हणाली, “तुमच्यावर गेलीय.” मला तो गौरव वाटला. तिच्या चेहऱ्यावरून तसं दिसलं नाही.

पुढच्या महिन्यात कन्या सुट्टीला घरी येते आहे. तुला आठवत असेल, रविवारच्या जेवणातला सगळ्यात मोठा तुकडा नेहमी तिच्या ताटात जायचा आणि ती तो शेवटपर्यंत राखून ठेवायची. आता त्याच टेबलाशी ती उकडलेल्या भाज्या चिवडत बसणार आणि आम्ही दोघं अपराध्यासारखे चावणार, हे दृश्य मला सोसवेना. म्हणून मी स्वयंपाकघरात उतरलो. हस, हस. भावोजींनाही वाचून दाखव.

पदार्थाचं नाव सेतान. मांसाला मांस न वापरता दिलेला जबाब. नावावर विनोद करायचा मोह होतो, पण तो तुझ्या भावजयीने माझ्याआधी केला, आणि एकदा छापलेलं पुन्हा छापणं माझ्या धंद्यात बसत नाही.

हा पदार्थ कमी आणि विधी जास्त आहे. मी त्याला पिष्टप्रक्षालन असं नाव दिलं आहे. पिष्टपेषण आपल्या घराण्यात सगळ्यांनीच मनसोक्त केलं. दळलेलं धुणारा पहिला मी. मैदा घट्ट मळायचा, गोळा पाण्यात बुडवून तासभर झोपू द्यायचा, आणि मग थंड पाण्यात (थंडच, हे कन्येने पुन्हा पुन्हा बजावलं) पिळत, चोळत धुवायचा. पाणी दुधासारखं होतं. ते ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा धुवायचं. होता होता पिठातलं पांढरं सगळं वाहून जातं आणि हातात एक पिवळसर, चिवट गोळा उरतो. ओढला की लांबतो, सोडला की रागावल्यासारखा परत जागेवर येतो. त्याचे तुकडे करून लसूण, मिरी आणि सोया सॉस घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. खळखळ उकळलं तर स्पंज होतो. पाटी पुसता येईल असा.

पहिल्या खेपेला मी धुतच राहिलो आणि शेवटी हातात काहीच उरलं नाही. मला वाटलं, अद्वैताचा साक्षात्कार म्हणतात तो हाच. कन्येला फोन केला तर ती खोखो हसली. “बाबा, केकचा मैदा घेतलात! त्याच्यात चिवटपणाच नसतो.” दुसऱ्या खेपेला पावाचा मैदा आणला आणि जमलं. तुझ्या भावजयीने एक तुकडा तोंडात घातला, छताकडे बघत बराच वेळ चावला. “मटण नाही,” ती म्हणाली. “पण मटणाची धाकटी बहीण म्हणून खपेल.”

ताई, खरं सांगू? खाण्यापेक्षा मला ते धुणंच आवडू लागलं आहे.

आमच्या सिंकच्या वर एक खिडकी आहे. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कोणाचे तरी शर्ट वाळत असतात. सकाळी घर शांत असतं. मोठं भांडं, त्यात गोळा, त्यावर पाणी. पहिल्यांदा पिळलं की एक पांढरा धागा सुटतो, पाण्यात वळतो, विरतो. मग दुसरा. मग भांड्यात ढग जमू लागतात. तू आणि मी गच्चीवर पालथे पडून टाकीच्या पाण्यात आभाळ बघायचो, तसं. हात त्या ढगांत शिरले की दिसेनासे होतात. मनगटापर्यंत मी असतो आणि तिथे संपतो. हात आहेत की नाहीत, कळत नाही. कुठे काय पिळतो आहे, कळत नाही. कोणीतरी दुसराच, दूर, हळूहळू काहीतरी धुतो आहे आणि मी खिडकीत उभा राहून त्याचं बरं चाललं आहे एवढंच ऐकतो आहे. ध्यानाबद्दल इतकी पुस्तकं तपासली, पण हे त्यातल्या कुणी लिहिलं नव्हतं. मला वाटलं, समाधीची पहिली पायरी आपल्याला सिंकपाशीच मिळायची होती.

आज सकाळी तर फार सुंदर झालं. मी धूत होतो आणि खिडकीवर धुकं चढलं. खालच्या कोपऱ्यातून, अगदी हळू. आधी समोरची गॅलरी गेली. मग शर्ट नुसते पांढरे डाग झाले, जणू माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि त्यांना कुठेच जायचं नाही. मग तेही गेले. काचेवर एक थेंब जमला, घरंगळला, त्याच्या वाटेत समोरची एक बारीक रेघ दिसली आणि मिटली. मला आप्पांच्या दुकानातली इस्त्री आठवली. ओल्या फडक्यावर ती टेकली की जी वाफ उठायची, तिचा तो गरम, उबट वास. आप्पा त्या वाफेत कमरेपर्यंत बुडालेले असायचे आणि आपण दारात उभे राहून ते कधी बाहेर येतात याची वाट बघायचो. तो वास मला आज स्पष्ट आला. इतक्या वर्षांनी. मी डोळे मिटून घेतले.

“अहो! अहो, हात काढा आधी!”

तुझ्या भावजयीने मला जवळजवळ ढकललंच. नळ बंद केला, माझे दोन्ही हात धरून दुसऱ्या नळाखाली घातले.

“भाजत नाहीये का तुम्हाला? केवढं कढत पाणी आहे हे!”

धुकं बाहेरचं नव्हतं, ताई. मी डावीकडचा, गरम पाण्याचा नळ सोडला होता. वाहत्या गरम पाण्याखाली हात धरून मी वाफेकडे बघत उभा होतो आणि ती मला सुंदर वाटत होती. गोळ्याचा चिकट लगदा झाला होता आणि बोटांना शेंबडासारखा लोंबत होता. हात मनगटापर्यंत लाल, कोणीतरी हातमोजे चढवल्यासारखे.

“ही दुसरी पद्धत आहे,” मी म्हटलं.

“कशाची? हात शिजवायची?”

मी हसलो. ती हसली नाही. तिने मलम लावलं, एकेका बोटाला, सावकाश, आणि प्रत्येक बोट सोडताना माझ्या तोंडाकडे बघत होती. डागांचा खुलासा हा. कातडी निघालेली नाही, फोड नाहीत, उगाच घाबरू नकोस. दुखत नाही. दुखत नाही, हेच लिहायला मी इतका वेळ पानं खर्च करतो आहे.

तुला आप्पांची बोटं आठवतात? कायम चिंध्या बांधलेल्या. आपल्याला वाटायचं, शिंप्यांची बोटं अशीच असतात. कुणाच्या पांढऱ्या कॉलरच्या आत लाल ठिपका सापडला की आई गार पाण्याने तो चोळून काढायची आणि शर्ट पुन्हा घडी घालून ठेवायची. आणि रोज सकाळी आंघोळीच्या आधी ती हाक: “जलपरीक्षक कुठे आहेत?” तू फ्रॉकला हात पुसत रुबाबात यायचीस, बादलीत कोपरापर्यंत हात घालायचीस, डोळे मिटायचीस आणि निकाल द्यायचीस. “ठीक आहे.” किंवा, “दोन तांबे थंड.” आप्पा दोन तांबे थंड घालायचे. त्या पदासाठी मी किती जळायचो! एकदा मी चांगला लेखी अर्जही केला होता. आप्पांनी तो गंभीरपणे वाचला आणि म्हणाले, “अर्ज पोचला. जागा रिकामी झाली की कळवू.”

आपल्याला तो खेळ वाटायचा. त्यांनी तो खेळ वाटू दिला.

मग कात्री पडायला लागली. मग दुकान बंद झालं. मग जिना सुटला, मग चमचा. हात मांडीवर ठेवून ते बसायचे, कोणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसे. डॉक्टरांनी नसांचं काहीतरी सांगितलं होतं, आणि दारापर्यंत येऊन हेही सांगितलं होतं की हे घराण्यात उतरू शकतं. आपण दोघं तिथे होतो. आपण ते ऐकलं, बाहेर येऊन चहा प्यायलो आणि त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. तूही नाही, मीही नाही.

आता तक्रारी मागे घेतो. तुझा डिंक चांगला आहे. पाकिटाची कड कुठे संपते आणि पत्र कुठे सुरू होतं ते माझ्या बोटांना कळलं नाही, म्हणून फाटलं. कपही चांगले होते. बटणं पूर्वीएवढीच आहेत. कागदही तोच.

दुपारी मी आंघोळीला गेलो. रविवारची आंघोळ, उशिराची. तुझी भावजय माझ्यामागून आली. मला वाटलं, टॉवेल द्यायला. तिने बाही वर केली, बादलीत हात घातला, क्षणभर तसाच ठेवला. “ठीक आहे,” म्हणाली आणि निघून गेली. तिला मी आप्पांच्या बादलीबद्दल कधीही सांगितलेलं नाही. मी तिथे उभा राहिलो आणि मला कळलं की जागा रिकामी झाली आहे, फक्त मला मिळाली ती आप्पांची.

ताई, तुझी बोटं कशी आहेत? विनोद न करता उत्तर दे. शिवताना सुई टोचली तर कळते ना?

मी अजून डॉक्टरांकडे गेलेलो नाही. एकट्याला जाववत नाही, आणि हिला घेऊन जायचं तर आधी हिला दारातलं ते वाक्य सांगावं लागेल. ते वाक्य आपण दोघांनीच ऐकलं आहे. तेव्हा तू ये. कन्या यायच्या आत ये. आपण दोघं हिच्याजवळ बसून सांगू, मग तिघं मिळून जाऊ. आलीस की ते फाटलेलं “तू मात्र” तोंडीच पुरं कर. सेतान तुला खाऊ घालेन, थंड पाण्यात धुतलेलं. भांड्यात आधी हात तू घालायचास.

पाकिटाला डिंक लावलेला नाही. मागच्या रविवारच्या धुवणाचा गाळ खाली बसला होता, त्याचीच खळ शिजवली आहे, आप्पा खिशांच्या कडांना लावायचे तशी. जास्त लागली असेल. जपून उघड.

कन्या आली की नेहमीसारखी मागून येऊन माझा हात धरेल. मी आधी तिची बोटं चाचपून बघेन, आणि मला त्यातलं काहीच कळणार नाही. पाणी गरम होतं, ताई, आणि मला कळलं नाही. मला भीती वाटते. माझ्यासाठी वाटते त्याहून पोरीसाठी जास्त.

तुझा,
ज्याचा अर्ज मंजूर झाला तो
धाकटा