आल्चे आत्याचे बुधवार

प्रिय आल्चे आत्या,

तुम्हाला मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? बेटावरचा वारा सोसतोय ना? (सहा वर्षांत पहिलं पत्र, आणि तेही काम पडल्यावर, असं तुमच्या मनात येईल. आईच्या कपाटावरून आपलं जे भांडण झालं त्यात चूक माझी होती की तुमची, हे मी अनेकदा तपासलं. दर वेळी निकाल वेगळा.) आम्ही दोघं भावंडं ठीक आहोत. दौवे छपरावरून पडला त्याला आता नऊ वर्षं होतील. उजवा हात तसाच आहे, बोलायला वेळ लागतो, पण बुधवार आला की पहाटेच बूट घालून दाराशी बसतो. बुधवारी त्याला शेतावर न्यायला व्हॅन येते. तिथे त्याच्यासारखे आठदहा जण जनावरं सांभाळतात, आणि डुकरांचं सगळं खातं दौवेकडे आहे. या दिवसाचा खर्च नगरपालिका देते, आणि तो पुढे द्यावा की नाही हे ठरवायला दर दोन वर्षांनी कोणीतरी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसतं.

गेल्या मंगळवारी नगरपालिकेच्या ब्रांत्स्मा बाई आल्या. आदल्या दिवशी मी घर घासूनपुसून लख्ख केलं. मग वाटलं, इतकं लख्ख दिसलं तर त्या म्हणतील, यांचं छान चाललंय, मदत कशाला? म्हणून धुतलेले कपडे परत खुर्च्यांवर पसरले. मग वाटलं, ही तर फसवणूक. घड्या घातल्या. (शेवटी अर्ध्याच घातल्या. अर्धी फसवणूक म्हणजे फसवणूकच का, यावर माझ्या रोजनिशीत दीड पान आहे.) केक आणावा की बिस्किटं, याचंही तेच, शेवटी बिस्किटं, माणशी एक.

बाई भल्या आहेत. त्यांनी कोऱ्या कागदाच्या मधोमध दौवेचं नाव लिहिलं, भोवती तीन वर्तुळं काढली आणि म्हणाल्या, आता यात तुमची माणसं भरू. जवळच्या वर्तुळात मी. मग पेन थांबलं. मी शेजारच्या वीबेचं नाव सांगितलं. तो काय करतो असं विचारल्यावर शिडी देतो म्हणावं लागलं. (दिली होती, एकदा.) त्याला सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात जागा मिळाली. एवढ्या मोठ्या कागदावर दोन नावं, आणि दौवे टक लावून त्याकडे बघत होता. आत्या, मला ते बघवलं नाही, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं. वर मी म्हणाले, आत्या दर बुधवारी येतात, फेरीबोटीने, सूप घेऊन. (सूप कुठून आलं, अजून कळलेलं नाही. बुधवार मात्र कळतो. आमच्या घरात आठवड्याला एकच वार असतो.)

बाईंनी मान वर केली. बुधवारी घरचं माणूस असतं, तर शेतावरची जागा दुसऱ्याला देता येईल, रांगेत बरेच जण आहेत, असं त्या अगदी आनंदाने म्हणाल्या. दौवेने कप खाली ठेवला. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागतो, म्हणून आम्ही दोघी थांबलो.

"आल्चे आत्या?" तो म्हणाला. "ती तर मेली ना?"

आणि मी, जी अर्ध्या घड्यांसाठी दीड पान लिहिते, हळूच म्हणाले, "पडल्यापासून त्याच्या लक्षात राहत नाही हो." बाईंनी ते लिहून घेतलं. आत्या, त्याच्या सगळं लक्षात राहतं. आजवरच्या प्रत्येक डुकराचं नाव त्याला पाठ आहे. तुम्ही यायच्या थांबलात तेव्हा तुम्ही गेलात असं त्याने धरलं, आणि तुम्ही आहात हे मी त्याला कधी सांगितलंच नाही. बाई गेल्यावर त्याने विचारलं, "हिल्के, मी काय विसरलो?" मी कप विसळत राहिले.

असो. विनंती वगैरे काही नाही, खुशाली कळवायची होती.

तुमची,
हिल्के

ता. क. – विनंती आहे. गुरुवारी सकाळी दहा वाजता बाई तुम्हाला फोन करून तुमच्या बुधवारांची खात्री करणार आहेत. तुम्ही नुसतं "हो" म्हणालात, तरी माझी लाज राहील.

ता. क. २ – वरचं वाचू नये. तुमच्या "हो"ने माझी लाज राहील आणि दौवेचा बुधवार जाईल. नाही म्हणा. बाईंनाही आजच लिहिलंय की आत्या येत नाहीत, आणि माझा भाऊ काहीही विसरलेला नव्हता. पण मी एकदा खोटं बोलल्यावर माझ्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल.

ता. क. ३ – दौवेला सांगितलं. तू विसरला नव्हतास, खोटं मी बोलले, असं सरळ.  मग त्याने विचारलं, आत्या आहे, तर येत का नाही? मी म्हटलं, विचारून बघते. याल का? दोन तासांसाठीसुद्धा चालेल. त्याची एकच अट आहे, ती त्याच्याच शब्दांत लिहिते: "तिला सांग, बुधवारी मी घरी नसतो."