एकुलती किल्ली

कळमनुरी,
बुधवार, १२ मार्च २०२५

चि. अपूर्व यास,

रविवार, दिनांक २ मार्च, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. डोंगरकड्याच्या अलीकडे, शकुबाईच्या खळ्यासमोरचा डांबरी रस्ता. सहा बाया, एक म्हैस आणि मी, एवढ्या साक्षीदारांसमोर तू माझ्या गाडीची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातलीस आणि ती घेऊन पुण्याला निघून गेलास. वेळ मी घड्याळात बघून ठेवली. परिवहन कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला गुन्हा घडला की आधी वेळ बघायची सवय असते.

आशीर्वाद नेहमीचेच. ते किल्लीवर अवलंबून नाहीत.

इकडे ठीक आहे. ऊन आत्ताच वैशाखासारखं तापायला लागलंय. सूनबाईने, पूजाने, पाठवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या, तिला सांग. घेते. दोन दिवस विसरले होते, तेही तिला सांग, नाहीतर ती गोळ्या मोजेल.

सोमवारी सकाळी मात्र एक गृहस्थ दारात उभे. पांढरे बूट, गळ्यात साखळी, डोक्यावर गॉगल.

"मॅडम, अपूर्व सरांनी गाडी बघून घ्या म्हणून सांगितलं."

"अपूर्व सर गाडीचे कोण?"

"मालक ना."

मी आत गेले, नोंदणीचं कार्ड आणलं, त्यांच्या हातात दिलं आणि मालकाचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा. मग त्यांनी विचारलं, "बरं, पण गाडी कुठंय?" मी म्हटलं, "म्हशीजवळ." ते गेले. चहा विचारला नाही. तुझ्या बाबांच्या हयातीत आपल्या घरातून चहा न घेता कोणी गेलेलं नाही, तेव्हा हेही तुझ्याच खात्यावर.

गाडी खरंच म्हशीजवळ आहे. तू किल्ली काढण्याआधी बायांनी ढकलून ती शकुबाईच्या गोठ्याशेजारी, चिंचेखाली लावली होती. तिथून आता ती हलणार कशी? किल्ली एकच. दुसरी आधीच्या मालकाने हरवली, हे तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे तू जाणूनबुजून एका बाईची गाडी जन्मठेपेवर पाठवलीस.

तुझं म्हणणं, चौसष्टाव्या वर्षी असली शर्यतीची गाडी कोणी घेतं का. मी घेतली. एकतीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांच्या कागदांवर शिक्के मारले. ट्रॅक्टर, टेम्पो, जीपगाड्या, सासऱ्याने जावयाला दिलेल्या मोटारसायकली. हजारो माणसं माझ्या टेबलापुढून आपापली गाडी सुरू करून निघून गेली आणि मी संध्याकाळी सव्वापाचची एसटी धरली. निवृत्त झाले तेव्हा कचेरीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यात आता सेलही घालत नाही मी.

गेल्या दसऱ्याला हैदराबादच्या त्या दंतवैद्याकडे ही गाडी बघितली. दोन दारी, लाल, चौदा वर्षांची, एक लाख शहाऐंशी हजार रनिंग. तू फोनवर ओरडलास, "आई, एवढी पळालेली गाडी म्हणजे भंगार!" अरे, पळणं हाच तिचा धर्म. ती पळाली म्हणून भंगार, तर जी नुसती उभी राहिली तिला काय म्हणायचं?

कागदांत कोणी माझा हात धरू शकणार नाही. ना-हरकत दाखला, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, विमा, सगळं तपासलं. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा भिंगाखाली ताडून बघितला. दंतवैद्य घामाघूम झाला. मी तपासलं नाही ते एकच: गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे. कचेरीच्या कुठल्याच फॉर्मात तो रकाना नव्हता ना.

पूजेच्या दिवशीच कळलं. चाकाखाली लिंबं ठेवली, पुढे नारळ. लिंबं फुटली आणि नारळ गाडीच्या नाकाखाली जाऊन असा बसला की पुढेही येईना, मागेही जाईना. गुरुजी म्हणाले, "शुभ आहे, देवाने धरून ठेवलं." मी म्हटलं, देवाला सांगा सोडा आता. शेवटी कुदळीने काढला. त्या दिवसापासून फाटकातल्या उतारावर दोन फळ्या टाकल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही आणि रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मी तिरका घेते, एकेक चाक करून, चिखलातून नऊवारी सावरत गेल्यासारखी.

पण वारंगा फाट्याच्या उत्तमरावांना विचार. जन्मभर ट्रॅक्टर उघडलेला माणूस. पहिल्यांदा बॉनेट उघडलं आणि हात पुसून लांब उभा राहिला. म्हणाला, "बाई, हे इंजिन न्हाई, घोडं हाय. पर म्हातारं हाय. टायमाला तेल पाजा, सकाळी उठल्या उठल्या दामटू नका, अन् रागवू नका त्याच्यावर."

"म्हातारं कोणाला म्हणता, उत्तमराव?"

"घोड्याला, बाई. घोड्यालाच."

क्लच नवा टाकला. पट्टा बदलला. दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल पिते. पिऊ दे, त्यासाठी मी तिला काही रस्त्यावर टाकणार नाही. एका सकाळी नांदेडच्या रस्त्यावर, पुढे-मागे कोणी नसताना, मी तिला तिसऱ्या गिअरमध्ये मोकळी सोडली. काटा कुठे गेला ते लिहीत नाही, पुरावा म्हणून वापरशील. पण इंजिनाचा आवाज बदलला ना, तेव्हा मी हसले. एकटीच, मोठ्याने. तुझे बाबा गेल्यापासून तीन वर्षांत माझा तो आवाज मीच ऐकला नव्हता.

शकुबाईची गाठ त्याच दिवसांतली. आठवडी बाजारात मला मेथी-शेपू विकणारी. पाटी रिकामी करून ती जीपची वाट बघत उन्हात उभी होती, मी म्हटलं बस. बसली आणि किंचाळली.

"अगं माय! बाई, भुईला टेकलो की आपण! बैलगाडीत आमी फुकट उंच बसतो, तुमी एवढा पैसा टाकून खाली बसून राहिल्या. काहून?"

'काहून'चं उत्तर म्हणून मी गाडी सुरू केली. पुढच्या बाजाराला ती पुन्हा उभी होती, आणि सोबत अजून एक जण. मागची जागा तुला माहीत आहे, तिथे माणूस घडी घालून बसवावा लागतो. दर बाजाराला मी दोन फेऱ्या मारते आता. तू समजतोस आई घरात टीव्ही बघते. टीव्ही दिवाळीपासून बंद आहे.

आता त्या रविवारचं.

तू सगळ्यांना सांगतोयस, आईच्या गाडीने पेट घेतला. पेट घेतला नव्हता. धूर आला होता. रस्त्यावर हरभरा पसरलेला होता, जाणारी-येणारी वाहनं त्यावरून जातात, आपोआप मळणी होते. आपल्याकडे सगळेच करतात. मला त्यावरूनच जावं लागलं, भूस खाली अडकलं, सायलेन्सर गरम, धूर. एवढंच. ही हकिगत मी शेजाऱ्यांना सांगितली, उत्तमरावांना सांगितली, गेल्या दहा दिवसांत स्वतःलाही सांगून बघितली. बाकी सगळ्यांना पटली.

तर हे घे. मला तिथून जावं लागलं नव्हतं. मी गेले. ट्रॅक्टर कुठेतरी अडकला होता, हरभरा पडून होता, आणि शकुबाई म्हणाली, "बाई, तुमची गाडी बुटकी हाय, चांगली दाबंल. मारता का एक चक्कर?" मी मारली. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. "अजून एक, बाई! घाटे फुटून राहिले!" मी अजून एक मारली. अपूर्व, मी नऊ चकरा मारल्या. पदर खोचून, काचा खाली करून, सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली बाई शर्यतीच्या गाडीने हरभरा मळत होती. बाया कडेने धावत होत्या आणि ओरडत होत्या, "आमची बाई! आमची बाई!" कचेरीत मला मॅडम म्हणत. 'आमची' कोणी म्हटलं नव्हतं.

आणि यातलं सगळ्यात वाईट अजून पुढेच आहे. रस्ता सुरक्षा सप्ताहात दरवर्षी एक पत्रक निघायचं: 'रस्त्यावर पीक पसरू नये, वाहनाखाली भूस अडकून आग लागू शकते.' ते पत्रक मीच टाइप करायचे. अकरा वर्षं. उघड्या डोळ्यांनी.

बरं, धूर नव्हता. जाळ होता. वीतभर. मी काच खाली करून हसत होते आणि मला दिसला नाही. तुला दिसला. तू तेव्हाच पोचला होतास, घराला कुलूप बघून, शेजारी विचारून. तू ओरडलास, मी उतरले, आणि तू तो पांढरा सदरा घालून रस्त्यावर आडवा झालास, गाडीखाली हात घातलास आणि जळतं भूस ओढून ओढून बाहेर काढलंस. शकुबाईने घागर आणेपर्यंत निम्मं तू हातानेच काढलं होतंस.

आणि तू उठलास तेव्हा मी काय म्हणाले? "शर्ट बघ तुझा."

बायांनी गाडी चिंचेखाली ढकलेपर्यंत तू थांबलास. किल्ली काढलीस. डाव्या हाताने. ते मी बघितलं. उजवा हात तू पाठीमागे धरला होतास, लहानपणी कपबशी फोडलीस की धरायचास तसा. मी घड्याळाकडे बघितलं, कारण तुझ्याकडे बघवेना.

दहा दिवस मी पूजाला फोनवर विचारते, "बाकी काय?" ती म्हणते, "सगळं बरं आहे आई, काळजी नको." मी नीट विचारतच नाही, तर ती तरी नीट काय सांगणार?

त्या रात्री घरी आले तर पायरीवर तू ठेवून गेलेला पुडा होता. आत गाडीचं कव्हर. मापाने शिवलेलं, आरशांना वेगळे कान, आणि कोपऱ्यावर धाग्याने माझं नाव. म्हणजे माझ्या वाढदिवसाला तू ते घेऊन आला होतास. गाडी विकून टाक म्हणणारा माणूस आरशांना कान शिवून आणत नाही. ते पांढऱ्या बुटांचे गृहस्थ तुझ्या रागाने पाठवले, तू नाही, असं मी धरून चालते. कव्हर आता चिंचेखाली गाडीवर आहे. बरोबर बसलं. शकुबाईच्या कोंबड्यांनाही पसंत पडलंय.

उत्तमराव जाऊन गाडी बघून आले. एक रबर आणि थोडी वायर जळली होती, तेवढी बदलली. पोटाखाली त्यांनी जाळी बसवली आहे, आग विझवायचं नळकांडं सीटमागे लावलं आहे. म्हणाले, "घोडं साबूत हाय, बाई. मालकालाच लगाम पाहिजे." मी ऐकून घेतलं. शकुबाईला मी ते पत्रक वाचून दाखवलं, बायांना गोळा करून. पुढच्या वर्षीपासून हरभरा खळ्यावरच, ट्रॅक्टर येईपर्यंत थांबायचं, असं ठरलंय. शकुबाई म्हणाली, "पर बाई, मजा आली का न्हाई?" मी म्हटलं, आली. खोटं कशाला बोलू?

पुण्याला राहायला ये म्हणतोस. वर्षातून एक महिना येईन, आंब्याच्या दिवसांत. बाकी अकरा महिने माझ्या बाजाराच्या फेऱ्या आहेत.

आता मागणी. रविवारी ३० तारखेला पाडवा आहे. किल्ली कुरियरने पाठवलीस तर मी घेईन, तक्रार करणार नाही. घेऊन आलास तर डोंगरकड्यापासून वारंगा फाट्यापर्यंत गाडी तू चालव, मी शेजारी बसेन. हळू चालव असं एकदाही म्हणणार नाही. तुझ्या बाबांच्या स्कूटरवर मागे बसूनही कधी म्हटलं नव्हतं.

पण त्याआधी मला लेखी उत्तर हवं. फोन नको, मोबाइलवरचं 'ओके' नको, पूजाच्या हातचं तर मुळीच नको. कागदावर, शाईने, तुझ्या उजव्या हाताने, निदान दहा ओळी. काय लिहितोस याला महत्त्व नाही. शिव्या दिल्यास तरी चालतील. पाटीवर हात धरून तुझं अक्षर मी वळवलंय. पेन कुठे सैल धरलंस, ओळ कुठे थांबली, मला दिसेल. लिहिता येत नसेल तर पाकिटात कोरा कागद घालून पाठव. मी समजेन, आणि त्याच दिवशी मिळेल त्या एसटीने निघेन.

मुदत: मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी पाच. वाढवून मिळणार नाही.

तुझी आई
रेवती
(लाल गाडीची नोंदणीकृत मालकीण)