सातव्या व्हॉल्व्हची दांडी

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! एक ट्रंक, पान्यांची पिशवी आणि मी. पिशवी बघून लेकीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, बाबा, राहायला आलात की कामाला? ती आणि जावई आठला बाहेर पडतात ते सातला उगवतात. म्हणून सहा वर्षांची नात दिवसभर माझ्या ताब्यात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी तिला भिंगरी म्हणतो. लेक म्हणाली, तुमच्या भरवशावर सोडतेय हं. म्हटलं, निर्धास्त जा. चाळीस वर्षं लोकांच्या घरातलं पाणी सांभाळलं, एवढी एक पोर नाही का सांभाळणार?

या नव्या घराबरोबर यांना हॉलच्या भिंतीत बसवलेली खाऱ्या पाण्याची टाकी मिळालीय, माशांसकट. जावई म्हणाला, घ्या, तुमचं खेळणं.

४ तारीख, मंगळवार

टाकी समजून घेतली. वरचं पाणी पाइपानं खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरतं, तिथं गाळून निघतं, पंप ते परत वर ढकलतो. गोल गोल, आमच्या भिंगरीसारखं. मी काही शिकलेला प्लंबर नाही, गळक्या घरांनीच मला शिकवलं. पण एक शिस्त आहे: नव्या जागी गेलो की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पुरता उघडून-मिटून बघायचा आणि त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. हलवला नाही की तो अडकतो.

सहा चिठ्ठ्या बांधल्या. सातवा व्हॉल्व्ह पार मागे, कोपऱ्यात. बंद. त्याच्यापुढचा पाइप भिंतीत शिरतो, भिंगरीच्या खोलीकडे. आणि दांडी चक्क करवतीनं कापलेली! कपाटाचं दार अडत असेल म्हणून कुणा आळशानं उडवली असणार. धन्य ते कारागीर. उद्या नवी बसवतो.

५ तारीख, बुधवार

दांडी बसवली, व्हॉल्व्ह उघडला. आधी अडला, मग लोण्यासारखा फिरला. पाण्याची पातळी तशीच. पाइपावर तळहात ठेवला तर पाणी जातंय, येतंय, जातंय, येतंय. हवा अडकली असेल. राहू दे चार दिवस उघडा, आपोआप निघेल.

भिंगरी पाइपाला कान लावून अर्धा तास गप्प बसली. बरं वाटलं. पोरीनं जरा दम खाल्ला.

७ तारीख, शुक्रवार

टाकी रोज चार बोटं उतरतेय. कुठं थेंब नाही, ओल नाही. मी मीठ कालवून भर घालतोय.

भिंगरी साधं पाणी पीत नाही. पेल्यात मीठ टाकून दे म्हणते. तिची उशी झटकली तर पांढरा चुरा पडला. बोटाला लावून चाखला. खारट.

८ तारीख, शनिवार

आज भिंगरीला कडेवर घेताना माझी कंबर धरली. भरलेली बादली उचलावी तशी जड. डॉक्टरांकडे नेली. त्यांनी छाती तपासून सगळं ठीक सांगितलं. जावई म्हणाला, बाबा, तुम्हाला पोरीतसुद्धा गळती दिसायला लागली. सगळे हसले. मीही हसलो.

गळती नाहीये. उलट आहे. हे त्यांना कसं सांगू?

१० तारीख, सोमवार, सकाळी दहा

भिंगरी झोपाळल्यासारखी पडून आहे. एक हात तिच्या छातीवर ठेवला, मग पाइपावर. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठरा श्वास. पाइपातही अठरा.

बंद करतो. आत्ताच.

साडेदहा

बंद केला. दांडी आडवी झाली आणि पलीकडच्या खोलीत — भिंगरीचा श्वास थांबला. ओठ निळे. मी धावलो, परत धावलो, दांडी हिसडून उघडली. तिनं मोठा श्वास घेतला. म्हणाली, आबा, असं नको करूस ना.

लेकीला फोन केला. निघालीय.

अकरा

शेजारच्या शिंपीणबाई कुंपणापाशी होत्या. आधी इथं कोण राहायचं, विचारलं. म्हणाल्या, आले तेव्हा तिघं होते, गेले तेव्हा दोघं. मुलगा सहा-सात वर्षांचा. एकाएकी गेला. त्या दिवशी बाप माझ्याकडून करवत मागून घेऊन गेला, ती अजून दिली नाही.

म्हणजे बापानंच व्हॉल्व्ह बंद केला होता. आणि पुन्हा कुणी उघडू नये म्हणून —

आणि मी शिस्तीनं —

सव्वाअकरा

हिसडताना व्हॉल्व्हला चीर गेलीय. पाणी बाहेर येतंय. टाकी उतरतेय, तिचा श्वास उतरतोय. चौदा. बारा. डाव्या हातानं चीर दाबून बसलोय. वही खिशात होती. लेकी, तुझ्यासाठी लिहितोय. आलीस की सरळ कपाटापाशी ये. व्हॉल्व्ह बंद करू नकोस. काही दिसलं तरी बंद करू नकोस.

भिंगरी उठून आली. पावलं ओली. म्हणते, आबा, तू दमलास, मी धरते.

माझ्या हाताशेजारी हात ठेवला. गळती थांबली.

तिची बोटं दिसत नाहीत. चीर केसाएवढी आहे आणि बोटं —

आता मनगटही. ती रडत नाही. हसतेय. मी तिला मागे ओढतोय, ती पाण्यासारखी हातातून —

फ्रॉक तेवढा राहिला. ओला.

पाइपात अठरा आहेत लेकी, अठरा, मोजलेत मी. ती आहे. आत आहे. दुसरंही कुणीतरी आहे, त्याच्या श्वासाची लय वेगळी, तो जवळ येतोय. चीर पुन्हा सुटलीय, मी हात लावलाय, माझीही बोटं — दुखत नाही. कोमट आहे. तिचं बोट सापडलं. धरलंय. सोडणार नाही मी, तू माझ्या भरवशावर —